एल्कच्या शिकारीसाठी मिडसाइज पिकअप घ्यायचाय, टाकोमा घेऊ की ग्लॅडिएटर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेन्व्हरजवळ राहतोस, येत्या ऑक्टोबरपासून दोन मित्रांबरोबर एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायचंय, बजेट पंचेचाळीस हजार डॉलरच्या आसपास, टोयोटाची टाकोमा टीआरडी ऑफ-रोड आणि जीपची ग्लॅडिएटर रुबिकॉन या दोघांत अडकलायस, आणि डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर गाडी चालवायची सवय नाही. मी ग्रँड जंक्शनकडे राहतो, गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम करतो आणि सीझनमध्ये फ्लॅट टॉप्स आणि ग्रँड मेसाच्या डोंगरांच्या बाजूला कॅम्पचं सामान वर चढवणं, मांस खाली आणणं हे बरीच वर्षं करतोय, त्यामुळे जरा सविस्तरच सांगतो.

आधी उत्तर, मग कारणं. तुम्ही तिघं आहात म्हटल्यावर मी चार दारांची, सहा फुटी बेडची (म्हणजे मागच्या सामानाच्या हौद्याची) टाकोमा टीआरडी ऑफ-रोड घेईन, नवी बजेटमध्ये बसत नसेल तर दोन-तीन वर्षं वापरलेली. रुबिकॉन घेणार नाही. रुबिकॉन वाईट आहे असं अजिबात नाही, युटातल्या मोआबच्या खडकांवर चढायचं असतं तर मीच सांगितलं असतं तीच घे म्हणून, पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप), पुढचा सॉलिड एक्सल, लो रेंजला (चढ-उतारासाठीच्या संथ, ताकदीच्या गिअरना) ४:१ चा रेशो, गाडी कलू न देणारा स्वे बार बटणाने सुटतो, कंपनीतून इतकं सगळं लावून येणारी दुसरी मिडसाइज पिकअप नाही. पण एल्कच्या शिकारीचे रस्ते तसे नसतातच. ते असतात फॉरेस्ट सर्व्हिसचे मातीचे रस्ते, लाकूडतोडीच्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या, ऑक्टोबरमध्ये दुपारी चिखल आणि पहाटे दगडासारखे गोठलेले. तिथे अडचण खडकाची नाही, वजनाची आणि निसरड्याची आहे. आणि गाडी घेताना सगळे विचार करतात वर कशी चढेल याचा, मी म्हणतो विचार करायचा परतीचा, म्हणजे तीन माणसं, भिजलेला तंबू, कूलर आणि एक आख्खा एल्क घेऊन अंधारात खाली उतरताना गाडी कशी वागेल याचा.

म्हणून पहिली गोष्ट पेलोड, म्हणजे गाडीत एकूण किती वजन भरता येतं ते. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायर प्रेशरचं पांढरं-पिवळं स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाता कामा नये. जाहिरातीतला आकडा विसर, तो सगळ्यात हलक्या व्हेरियंटचा असतो, आपल्याला हवा तो त्याच गाडीच्या दारावरचा आकडा. ऑफ-रोड व्हेरियंटना हा आकडा बहुतेक वेळा ११०० ते १३०० पाउंडांच्या मध्ये कुठेतरी दिसतो, कारण स्किड प्लेट, मोठे टायर, सनरूफ असलं सगळं वजन त्यातूनच वजा होतं. धर १२०० पाउंड, म्हणजे साधारण ५४५ किलो. ऐकायला भरपूर वाटतं ना, आता बेरीज करू. तीन माणसं बूट-जाकिटासकट ५७०. फायबरग्लासचा टॉपर (बेडवरचं छप्पर) १८०. दोन कूलर बर्फासकट २००. तंबू, शेगडी, झोपायचं सामान १५०. दहा गॅलन पाणी ८३. बंदुका, बॅगा, दुर्बिणी १२०. झाले १३००, आणि अजून शिकार झालेलीच नाही! मोठा नर एल्क जिवंतपणी सहा-सातशे पाउंडांचा असतो, हाडासकट चार तंगड्या, पाठीचं मांस, मान असं सगळं धरलं तर अडीचशे ते तीनशे पाउंड बेडमध्ये येतात. म्हणजे सोळाशेच्या जवळ. आता सांग, यात शंभर-दीडशे पाउंडांचा स्टीलचा बंपर आणि टॉपरवर रूफटॉप टेंट कुठे बसवणार? आणि लोक नेमकं तेच आधी लावतात.

हेल्पर स्प्रिंग किंवा सस्पेन्शनच्या एअर बॅग लावल्या की झालं असं तुला कोणीतरी सांगेल. माझा धंदाच तो आहे म्हणून स्पष्ट सांगतो, त्याने गाडीची मागची बाजू बसत नाही, हेडलाइट आभाळाकडे जात नाहीत, पण स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही. ब्रेक तेच राहतात, एक्सल तोच राहतो, बेअरिंग तीच राहतात. तिघांचं सामान जास्तच होत असेल तर सरळ छोटी ट्रेलर घ्या, तिच्या वजनाचा दहा-पंधरा टक्के भार तेवढा हिचवर (ट्रेलर जोडायच्या हुकावर) येतो आणि पेलोडमधून जातो, बाकीचं वजन ट्रेलरच्या चाकांवर. ट्रेलर खाली कॅम्पपाशी सोडायची आणि रोज फक्त गाडी वर न्यायची, आम्ही तसंच करतो.

बेडचं आता. पाच फुटी बेडमध्ये कूलर आणि बॅगा गेल्या की एल्कसाठी जागा उरत नाही, मग लोक मांस सामानावर रचतात, हवा लागत नाही, मांस तापतं. आणि मांस तापलं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात, ज्या जनावराचा जीव घेतला त्याचं मांस वाया घालवणं मला तरी सहन होत नाही. बेडच्या तळाला प्लायवूडचा तुकडा, त्यावर दोन-तीन आडव्या पट्ट्या, त्यावर कापडी गेम बॅगांमधल्या तंगड्या सुट्या सुट्या ठेवायच्या म्हणजे खालून हवा खेळते आणि रक्त-पाणी वाहून टेलगेटकडे जातं. वजन शक्यतो मागच्या एक्सलच्या पुढे, कॅबच्या भिंतीला टेकवून ठेवायचं, टेलगेटपाशी नाही, नाहीतर पुढची चाकं हलकी होतात आणि चिखलात स्टीअरिंग ऐकत नाही. हे सगळं सहा फुटी बेडमध्ये नीट जमतं. शिवाय तुझी उंची पाच-आठ, पाच-नऊ असली तरी टॉपरखाली तिरकं झोपता येतं, पाच फुटीत टेलगेट बंद करून पाय लांब होत नाहीत.

तोटाही सांगतो. चार दारं आणि सहा फुटी बेड घेतलास की टाकोमाचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १४५ इंच होतो, ग्लॅडिएटरचा १३७ आहे. म्हणजे तीव्र वळणावर एकदा मागेपुढे करून वळवावी लागेल आणि उंचवट्यावर पोट घासायची शक्यता वाढेल. शिकारीच्या रस्त्यांवर हे चालतं. पण उन्हाळ्यात तुला सॅन वान डोंगरांतल्या ब्लॅक बेअर पाससारख्या ठिकाणी जायची हौस असेल तर ही गाडी तिथे जाचेल, तिथे छोट्या व्हीलबेसचीच गाडी हवी. दोन्ही हौशी एका गाडीत पूर्ण बसत नाहीत, एक निवडावी लागते.

इंजिनावरून लोक सगळ्यात जास्त भांडतात आणि माझ्या मते त्यावर सगळ्यात कमी वेळ घालवावा. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण तीन टक्के कमी होते. निसान फ्रंटियरचं ३.८ लिटर व्ही-सिक्स ३१० हॉर्सपॉवरचं आहे, दहा हजार फुटांवर ते २१५-२२० चं काम करतं. जुन्या टाकोमाचं, म्हणजे २०१६ ते २०२३ पर्यंतचं ३.५ लिटर व्ही-सिक्स २७८ चं, ते डेन्व्हरहून पश्चिमेला जाणाऱ्या आय-सेव्हन्टी हायवेवर आयझेनहॉवर टनेलकडे चढताना सारखं गिअर बदलत राहतं, आवाज करतं, पण पोचतं. २०२४ पासूनच्या टाकोमाला २.४ लिटर टर्बो आहे, ऑटोमॅटिकमध्ये २७८ हॉर्सपॉवर आणि ३१७ पाउंड-फूट टॉर्क, उंचीवर टर्बोला फरक खूप कमी पडतो आणि टनेल ११ हजार फुटांच्या वर आहे म्हटल्यावर हायवेला ते जाणवतंच. शेवरले कोलोराडोचं २.७ टर्बो ३१० हॉर्सपॉवर आणि ४३० पाउंड-फूटपर्यंत जातं, चढाला जबरदस्त गाडी, पण २०२३ पासून ती फक्त चार दारं आणि छोटा बेड अशीच येते म्हणून तुझ्या यादीत मी तिला खाली ठेवतो. हायब्रिड टाकोमाला ३२६ हॉर्सपॉवर आहेत, पण बॅटरीचं वजन पेलोडमधून जातं, किंमतही वर जाते, शिकारीसाठी मला तिची गरज दिसत नाही. एकदा हायवे सोडून माती लागली की आपण ताशी दहा-पंधरा मैलांनी चालतो, तिथे कुठलंही इंजिन पुरतं.

इथे पेट्रोल भरताना एक लक्षात ठेव, कोलोरॅडोत साधं रेग्युलर ८५ ऑक्टेनचं मिळतं आणि बहुतेक नव्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये कमीत कमी ८७ लिहिलेलं असतं. टर्बो गाडी भरलेली असताना आणि घाट चढताना ८५ टाकू नकोस, मधलं ग्रेड टाक. टाकीसुद्धा बघ, नव्या टाकोमाची १८.२ गॅलनची आहे, फ्रंटियरची २१, ग्लॅडिएटरची २२. लो रेंजमध्ये दिवसभर फिरलं की मायलेज निम्म्यावर येतं, म्हणून मीकर किंवा क्रेगसारख्या शेवटच्या गावात टाकी फुल्ल करूनच वर जायचं.

उतरण्याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देतो. आपल्याकडे जुने ड्रायव्हर सांगायचे ना, घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, खंबाटकी असो की कशेडी, तोच नियम इथेही शंभर टक्के लागू आहे. टनेलमधून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांचा उतार आहे, ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी तिथे रनअवे रॅम्प काढलेत ते उगीच नाहीत. ऑटोमॅटिक गाडी असली तरी मॅन्युअल मोडला टाकून गिअर खाली आण, इंजिनाला तीन-साडेतीन हजारांवर गुरगुरू दे, काही होत नाही त्याला. कच्च्या तीव्र उतारावर फोर-लो (म्हणजे लो रेंज), पहिला किंवा दुसरा गिअर, आणि पाय ब्रेकवरून काढून गाडीला स्वतःहून उतरू द्यायचं. होंडा रिजलाइन मी या यादीत घेतलीच नाही त्याचं मुख्य कारण हेच, तिला लो रेंज नाही. बाकी गाडी फार सोयीची, बेडखाली कुलूपबंद डिकी आहे, पेलोड यातल्या बऱ्याच गाड्यांपेक्षा जास्त, हायवेला कारसारखी चालते. तुम्ही पक्क्या रस्त्यालगत कॅम्प टाकून पायीच शिकार करणार असाल तर रिजलाइन पुरेल, मी कोणाला हसणार नाही. पण चिखलाच्या उतारावर भरलेली गाडी फक्त ब्रेकवर धरायची वेळ आली की मग तिचं काही खरं नाही.

त्या चिखलाबद्दल थोडं. ग्रँड मेसाच्या उतारांवर आणि मीकरच्या आसपास अशी चिकणमाती आहे की पाऊस किंवा वितळलेला बर्फ लागला की ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातल्यासारखी गत होते. दहा-वीस फेऱ्यांत टायरच्या खाचा भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी हळूहळू रस्त्याच्या बाहेरच्या, म्हणजे दरीकडच्या बाजूला सरकायला लागते, फोर बाय फोर असो की लॉकर असो. खरं तर बाजूला उतार असलेल्या रस्त्यावर लॉकर चालू ठेवला तर मागचं टोक जास्तच सरकतं, म्हणून तिथे लॉकर बंद. याच्यावर खरा उपाय एकच आहे, थांबायचं. दुपारी चिखल असेल तर गाडी हलवू नका, कॅम्पमध्ये थांबा, रात्री माती गोठते आणि पहाटे चारला तोच रस्ता काँक्रीटसारखा होतो, ऊन चढायच्या आत खाली उतरा. निघायची घाई नको म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की सुट्टी एक दिवस जास्तीची काढा. आणि चारही चाकांच्या चेन गाडीत असू द्या. चेन कुठल्या एक्सलला चालतात हे प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असतं, ते वाचा, आणि घरी ड्राइव्हवेवर एकदा लावून बघा, वर अंधारात गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा लावायला जाल तर जमणार नाही.

टायरवर पैसे सोड, बाकी कशावर नको. कंपनीतून येणारे बरेच टायर दिसायला ऑल-टेरेन असले तरी आतून पातळ असतात. डोंगर आणि बर्फाचं चिन्ह, म्हणजे तीन शिखरांमध्ये हिमकण, असलेले जाड बाजूंचे ऑल-टेरेन घे. मड टायर नको, ते चिखलात बरे पण आय-सेव्हन्टीवरच्या बर्फावर घसरतात आणि तुझे नव्वद टक्के मैल हायवेचेच आहेत. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात मॉरिसन ते डॉट्सेरोच्या टप्प्यात कोलोरॅडोचा ट्रॅक्शनचा कायदा लागू असतो, टायरला कमीत कमी ३/१६ इंच खाच लागते, फोर बाय फोर आहे म्हणून झिजलेला टायर चालत नाही. कच्च्यावर हवा ३५ वरून २०-२२ पर्यंत उतरवली की गाडी उसळत नाही, पकड वाढते, पण मागे वजन असेल तर मागच्या टायरची इतकी उतरवू नकोस. परत हवा भरायला चांगला कॉम्प्रेसर, बॅटरीला थेट जोडायचा, लायटरच्या सॉकेटचा नको. आणि स्टेपनी त्याच मापाची, पूर्ण आकाराची.

एक गोष्ट डेन्व्हरवाल्यांच्या नजरेतून सुटते. साधा पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरताच चालू करायचा, फोर बाय फोर कोरड्या डांबरावर चालू ठेवता येत नाही, वळताना गाडी अडखळते आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) खराब होते. हिवाळ्यात आय-सेव्हन्टीवर मात्र शंभर यार्ड बर्फ, मग शंभर यार्ड कोरडं असं चालतं. त्यासाठी ऑटो मोड असलेला फोर बाय फोर सोयीचा, तो शेवरले कोलोराडोला मिळतो, नव्या फोर्ड रेंजरच्या काही व्हेरियंटना मिळतो. स्कीइंगला दर शनिवारी जाणार असशील तर रेंजरचा गंभीरपणे विचार कर, २.७ लिटर व्ही-सिक्स टर्बो घेतलास तर ३१५ हॉर्सपॉवर आहेत. फक्त शिकारच असेल तर साधा लिव्हर किंवा नॉबवाला पार्ट-टाइम पुरे.

फ्रंटियर मला मनापासून आवडते, किंमत कमी, टर्बो नाही म्हणजे गुंतागुंत कमी. अडचण एवढीच की मागचा लॉकर प्रो-फोरएक्सला मिळतो आणि ती बहुतेक छोट्या बेडचीच दिसते, लांब बेड हवा असेल तर बहुधा एसव्हीसारख्या व्हेरियंटला जावं लागतं. लॉकर की बेड असं निवडायचं झालं तर मी बेड निवडेन आणि वाचलेल्या पैशांत टायर, चेन आणि एक चांगली ट्रेलर घेईन. वापरलेल्यांमध्ये शेवरलेची २०१६ ते २०२२ ची २.८ लिटर डिझेल कोलोराडो चांगल्या अवस्थेत मिळाली तर बघ, हॉर्सपॉवर फक्त १८१ पण टॉर्क ३६९ पाउंड-फूट, आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर वेग रोखणारा) असल्यामुळे उतरताना राजासारखी उतरते. थंडीत डिझेल गोठू नये म्हणून काळजी घ्यावी लागते तेवढी घे. कुठलीही वापरलेली गाडी घेताना खाली झोपून चासीला हातोडीने हलकं ठोकून बघ, खणखणीत आवाज आला पाहिजे, जिथे बद्द वाजेल तिथे गंज आत शिरलाय. मिडवेस्टमधून आलेल्या गाड्या वरून चकाचक आणि खालून मिठाने खाल्लेल्या असतात. माझ्याकडे अशीच एक आली होती, विकणाऱ्याने चासीवर जाड काळं कोटिंग मारून दिलेलं, खरवडलं तर मागच्या स्प्रिंगच्या हँगरपाशी बोट आत गेलं.

गाडीबाहेरचं एक, पण विचारलं नाहीस तरी सांगणं भाग आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार बंद आहे, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना इथले नियम घरातून माहीत नसतात. एच-वनसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असशील तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे, पण मित्राची बंदूक हातात घ्यायच्या आधी वकिलाला विचार. कोलोरॅडोत हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं आणि गाडीत रायफलच्या चेंबरमध्ये गोळी ठेवायची नाही, कधीच नाही. म्हणून मागची सीट दुमडून त्यावर रायफलच्या केस आडव्या राहतात का ते शोरूममध्येच बघ, केस सोबत घेऊन जा.

आणि जायच्या भागाचा मोटर व्हेइकल यूज मॅप फॉरेस्ट सर्व्हिसकडून फुकट मिळतो, तो फोनवर उतरवून ठेव. कुठला रस्ता कुठल्या तारखेपर्यंत उघडा आहे आणि कुठल्या वाटा फक्त ५० इंचांपेक्षा अरुंद गाड्यांना आहेत हे त्यात असतं. विल्डरनेस म्हणून राखलेल्या रानात गाडी जातच नाही, आणि एल्क रस्त्यापासून मैलभर पडला म्हणून गाडी रान तुडवत तिथवर न्यायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे, तंगड्या पाठीवरूनच आणाव्या लागतात. त्यामुळे कितीही तगडी गाडी घेतलीस तरी शेवटचा मैल चालतच आहे, तिच्यावर दहा हजार डॉलर जास्तीचे घालण्याआधी चांगले बूट आणि मांस वाहायची फ्रेम घे.

या शनिवारी टाकोमा आणि फ्रंटियर दोन्ही बघून ये, मित्रांनाही ने, तिघं आत बसा, टेप लावून बेड मोजा आणि प्रत्येक गाडीच्या दारावरचा पेलोडचा आकडा लिहून आण. तो आकडा आणि तुमच्या सामानाची यादी मला कळव, बेरीज करून सांगतो ट्रेलर लागेल की नाही ते.